मेडिकलला जायचंय, मग दवाखान्यातला अनुभव लागतो का? कोकणातल्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न दरवर्षी मे महिन्यात येतात. मुंबईकर घरी आलेले असतात, त्यांतल्या कुणाचा तरी भाचा लंडनला मेडिकलला असतो, आणि "तिकडे आधी हॉस्पिटलात काम केल्याशिवाय घेत नाहीत" असं एक वाक्य अंगणात टाकून ते परत जातात. मी रत्नागिरी जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. खालची उत्तरं रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधल्या मुलांना समोर ठेवून लिहिली आहेत.

भारतात एमबीबीएसला प्रवेश घेताना कामाचा अनुभव विचारतात का?

नाही. प्रवेश नीट-यूजीच्या गुणांवर होतो. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. राज्याच्या कोट्याच्या याद्या सीईटी सेल लावतो, सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय १५ टक्के जागांच्या एमसीसी ही केंद्रीय समिती लावते. मुलाखत नाही, स्वतःबद्दल निबंध नाही. सावर्ड्याचं वालावलकर असो, पडव्याचं एसएसपीएम असो, किंवा अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली सरकारी कॉलेजं असोत, तुम्ही आजवर एखाद्या रुग्णाजवळ बसलात का हे कुणी विचारणार नाही. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, एवढं तपासा.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

दोन कारणं. एक, यूके आणि अमेरिकेत हा अनुभव अर्जाचाच भाग आहे, आणि तिकडे अर्ज करणारी मुलं आता चिपळूण-कणकवलीतूनही निघतात. दुसरं कारण इथेच राहणाऱ्यांसाठी. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे पीजी, मधे बॉण्डची सक्तीची सेवा, एवढं सगळं ज्या कामासाठी करायचं ते काम चार दिवससुद्धा जवळून न बघता मुलं फॉर्म भरतात. गुण आहेत म्हणून मेडिकल, हे मला पटत नाही. पण प्रवेशप्रक्रियेला पटतं, त्यामुळे तपासायचं काम ज्याचं त्याने करायचं.

यूकेत नेमकं काय अपेक्षित असतं?

तिथला अर्ज यूकास या सामायिक अर्जव्यवस्थेमार्फत जातो. मेडिसिनसाठी जास्तीत जास्त चार ठिकाणी अर्ज करता येतो आणि मुदत १५ ऑक्टोबरला संपते, म्हणजे प्रवेशाच्या जवळजवळ वर्षभर आधी. यूकॅट नावाची परीक्षा असते आणि बहुतेक ठिकाणी मुलाखत. मुलाखत बऱ्याचदा छोट्या छोट्या थांब्यांची असते. दर थांब्यावर नवा परीक्षक, नवा प्रश्न, हातात पाच-सात मिनिटं.

अर्जातल्या स्वतःविषयीच्या लिखाणाचं रूप २०२६ च्या प्रवेशापासून बदललं आहे. पूर्वीच्या सलग निबंधाच्या जागी तीन प्रश्न आले: हा अभ्यासक्रम का, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत व ते का उपयोगी आहे. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. अनुभवाची जागा तिसऱ्या प्रश्नात.

आता लोकांची गफलत होते ती इथे. ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहिल्याशिवाय अर्ज कच्चा, असं पालकांना वाटतं. तिथल्या मेडिकल कॉलेजांची जी एकत्रित परिषद आहे, मेडिकल स्कूल्स कौन्सिल, तिचं मार्गदर्शन वेगळं सांगतं: अनुभव हॉस्पिटलातलाच हवा असं नाही. लोकांची काळजी घेण्याचं, त्यांच्याशी बोलण्याचं कुठलंही काम चालतं, पगारी असो वा स्वेच्छेचं. डॉक्टरचं आयुष्य खरंच कसं असतं याची कल्पना आहे का, थकलेल्या-चिडलेल्या माणसाशी नीट वागता येतं का, आणि पाहिलेल्यातून स्वतः काही विचार केला का, हे तपासायचं असतं. मुलाखतीत "तुम्ही काय पाहिलंत" हा प्रश्न एका वाक्यात आटोपतो. "मग तुम्हाला काय वाटलं, आणि तसं का वाटलं" यावर उरलेला वेळ जातो.

किती तास भरले पाहिजेत?

यूकेत बहुतेक ठिकाणी आकडा ठरलेला नाही. पदवीनंतरच्या काही अभ्यासक्रमांना तासांची अट असते, ती त्या त्या विद्यापीठाच्या पानावर वाचा. माझ्या मते आठवड्यातून एकदा करून सहा महिने टिकवलेलं काम हे सुट्टीत सलग आठ दिवस उरकलेल्या कामापेक्षा कितीतरी बोलकं. त्याच माणसाला परत परत भेटलं की तो बरा होताना किंवा न होताना दिसतो.

अमेरिकेत?

तिथे मेडिकल कॉलेज पदवीनंतरचं असतं, त्यामुळे बारावीनंतर थेट जायचा प्रश्न नाही. एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. अर्जाच्या पद्धतीत, एमकासमध्ये, अनुभवाच्या १५ नोंदी करता येतात, प्रत्येक ७०० अक्षरांपर्यंत. त्यांतल्या तीन तुम्ही सर्वांत महत्त्वाच्या ठरवता आणि त्यांवर आणखी लिहिता. इथे तास लिहावे लागतात. डॉक्टरांच्या मागे राहून पाहणं, रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम, समाजसेवा, संशोधन, असे वेगवेगळे कप्पे धरले जातात आणि एकाच कप्प्यात सगळं भरलेलं चांगलं दिसत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजं मोजकी आहेत, हेही आधीच घरात बोलून घ्या. आंब्याची बाग गहाण ठेवायच्या आधी.

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला लागतो का अनुभव?

एजंटमार्फत जाणाऱ्या मुलांना सहसा कुणी विचारत नाही. तिथे काळजी वेगळी घ्यायची. परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची तर नीट पात्रता हवी. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रता, हे २०२१ चे नियम आहेत. शिवाय इथली परीक्षा आणि इथे आणखी वर्षभराची इंटर्नशिप. एजंटच्या रंगीत पत्रकात यातलं किती लिहिलंय ते बघा.

आमच्याकडे मोठं हॉस्पिटल नाही. मुलाला अनुभवासाठी मुंबईला ठेवावं का?

नको. हा प्रश्न ऐकला की मला थोडा रागच येतो.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बारावीच्या मुलाला कोपऱ्यात उभं करतात. राउंड पुढे जातो, इंग्रजी शब्द डोक्यावरून जातात, रुग्णाचं नावही कळत नाही. आपल्या आरोग्य उपकेंद्रात सिस्टर, आशाताई आणि येणारी माणसं एवढंच असतं, आणि सगळं ऐकू येतं. डोंगरी भागात साधारण ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. त्या आकड्यामागे किती चढ, किती पऱ्ये आणि किती बंद पडलेल्या एसटी फेऱ्या आहेत हे ज्याने पाहिलं, त्याला आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोचत का नाही या प्रश्नावर बोलायला पुस्तक लागत नाही. यूकेच्या मुलाखतीत असा प्रश्न येऊ शकतो.

आजारही इथले आहेत. जुलैत लावणी चालू असते, माणसं दिवसभर चिखलात अनवाणी, पायाला चिरा, आणि त्याच पाण्यात उंदरांचं मूत्र. मग लेप्टो. आशाताई गोळ्या वाटत फिरतात आणि निम्मे लोक "ताप नाय तर गोळी कशाला" म्हणून त्या फळीवर ठेवून देतात. त्यांना ती गोळी घ्यायला कसं राजी केलं जातं ते ऐकत एक दुपार काढा. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात काजूच्या हंगामात माकडताप असतो. गोचिडीमुळे होणारा हा ताप २०१६ पासून तिथल्या लोकांना चांगलाच माहीत झाला आहे. मेलेलं माकड दिसलं तर कुणाला कळवायचं हे तिथली शाळकरी मुलंसुद्धा सांगतात.

आणि फुरसं, आपल्याकडचा विषारी साप. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायची पद्धत इतकी साधी की पाहिल्यावर विसरणार नाही: काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. वीज असो-नसो, प्रयोगशाळा असो-नसो, ही तपासणी होते. त्या वीस मिनिटांत डॉक्टर नातेवाइकांशी काय बोलतात, आधी मांत्रिकाकडे नेऊन आणलेल्या माणसाला ओरडतात की ओरडत नाहीत, हे माझ्या मते नळीइतकंच बघण्यासारखं आहे.

विंचवाचं उदाहरण तर जगाला माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडात सरकारी आरोग्य केंद्रात काम करत असताना त्यांच्याकडे लाल विंचू चावलेले रुग्ण यायचे, आणि त्यांतले कित्येक हृदय निकामी होऊन दगावायचे. त्यांनी लक्षणं बारकाईने टिपली, पुढे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं, आणि ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात महाडजवळच्या आरोग्य केंद्रातून झाली होती.

"डॉक्टरांका विचारूक लाज वाटता. आमची ओळख पण नाय. काय करू?"

ओळख नसली तरी चालतं. कागद लागतो. कॉलेजकडून बोनाफाईड घ्या. साध्या मराठीत अर्ज लिहा: मी अमुक इयत्तेत आहे, पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायचं आहे, आठवड्यातून एक दिवस बसून फक्त निरीक्षण करायची परवानगी मिळावी, रुग्णांची माहिती गुप्त ठेवीन. खाली पालकांची सही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हा अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. ते बहुधा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारतील. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे. खाजगी दवाखान्यात थेट डॉक्टरांना, पण ओपीडी संपल्यावर. सकाळी अकराला बाहेर तीस माणसं बसलेली असताना अर्ज घेऊन आत घुसलात तर "नंतर बघू" हेच उत्तर मिळेल, आणि ते योग्यच आहे.

नकार आला तर दुसरीकडे विचारा. सरकारी ठिकाणी पावसाळ्यात साथी असतात, मार्चमध्ये हिशेब असतात. दिवाळीनंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जायची इच्छा दरवर्षी कुणीतरी बोलून दाखवतं. सतराव्या वर्षी तिथे बघे म्हणून जाऊ नका.

घरी आजीचं सगळं मी करते. ते धरतात का?

धरतात, आणि धरावंच. पक्षाघात झालेल्या आजीला कुशीवर वळवणं, तिच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून बघणं, गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, ती तेच तेच विचारते तेव्हा दहाव्यांदा उत्तर देणं. परदेशात वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून मुलं जे करायला जातात ते हेच. आपल्याकडे ते घरचं काम म्हणून कुणी मोजत नाही, मुली तर मुळीच नाहीत. अर्जात स्पष्ट लिहा: किती काळ, काय काय, सगळ्यात अवघड काय होतं.

बाजारात आईबरोबर मासळी विकणं, मेडिकल स्टोअरमध्ये संध्याकाळी उभं राहणं, अंगणवाडीत मुलांचं वजन घ्यायला मदत, गणपतीत चाकरमान्यांच्या गर्दीत एसटी स्टँडवर स्वयंसेवक म्हणून उभं राहणं, हेही चालतं. मासळीच्या टोपलीशी उभ्या गिऱ्हाइकाशी ज्याला गोडीने बोलता येतं, त्याला रुग्णाशी बोलायचं शिकवावं लागत नाही. मात्र हे काम केलं म्हणून मी डॉक्टर होण्यास लायक आहे, असं लिहू नका. काय कळलं तेवढं लिहा.

तिथे गेल्यावर काय करू द्यायचं नसतं?

रुग्णाला हात लावायचा नाही. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, टाका नाही, डॉक्टरांनी हौसेने "घे, करून बघ" म्हटलं तरी नाही. नोंदणी नसलेल्या माणसाने उपचार करणं हा गुन्हा आहे. आणि परदेशी मुलाखतीत "मी इंजेक्शन दिलं" असं अभिमानाने सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. त्यांच्या दृष्टीने ती फुशारकी म्हणजे रुग्णाच्या सुरक्षिततेची जाण नसल्याचा पुरावा. सोनोग्राफीच्या खोलीत जाऊ नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे तिथे डॉक्टर आधीच जपून असतात. वापरलेल्या सुया, रक्ताचे बोळे यांच्याजवळ फिरकू नका, आणि जायच्या आधी हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघा. हिपॅटायटिसचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही.

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. गुप्तता कशी पाळायची?

हा प्रश्न फार कमी मुलं विचारतात, म्हणून मीच घातला.

शहरात रुग्णाचं नाव गाळलं की झालं. आपल्याकडे "खालच्या वाडीतला, मुंबईची नोकरी सुटलेला" एवढं म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. टीबीचं औषध चालू आहे हे बाहेर फुटलं तर जमत आलेलं लग्न मोडतं. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. म्हणून तीन गोष्टी मी मुलांना बजावते.

शक्यतो आपल्या गावचं केंद्र घेऊ नका, शेजारच्या गावचं घ्या. शेजाऱ्याचा मुलगा समोर बसलेला पाहून कुणी बाई अंगावर जातंय हे सांगणार नाही. ती "डोकं दुखतंय" म्हणेल, गोळी घेईल आणि निघून जाईल. तुमच्या अनुभवापायी तिचा उपचार राहून जाईल.

दुसरं, डॉक्टर विचारतील "हा विद्यार्थी आहे, बसला तर चालेल ना?" आपली माणसं डॉक्टरांसमोर नाही म्हणत नाहीत. तोंडाने "हो, बसू दे की" आणि पदर मात्र घट्ट. ते दिसलं की आपणहून उठून बाहेर जायचं, कुणी सांगायची वाट न बघता. मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात मोठा धडा तो.

तिसरं, घर. संध्याकाळी आई भाकऱ्या थापता थापता सहज विचारते, "आज कोण कोण आलेलं दवाखान्यात?" तिच्या मनात काही वाईट नसतं. उत्तर एवढंच: "गर्दी होती." ती रुसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारेल. पुन्हा "गर्दी होती." व्हॉट्सअॅप स्टेटसला स्टेथोस्कोप गळ्यात घातलेला फोटो टाकू नका. मागच्या बाकावर बसलेलं कोण आहे ते गाव झूम करून बघतं.

वही ठेवायची म्हणतात. त्यात काय लिहायचं?

त्याच रात्री लिहायचं, नावाशिवाय, गावाशिवाय. बहुतेकांची वही अशी असते: "आज आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर व सिस्टर खूप छान आहेत. खूप शिकायला मिळालं." यातून कुणालाच काही कळत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

त्याच दिवसाची कामाची नोंद अशी होऊ शकते: "मधुमेह असलेले एक आजोबा, पायाला जखम. दोन ड्रेसिंगना आले नव्हते. मला वाटलं सिस्टर ओरडतील. त्यांनी विचारलं, येता कशाने? दुपारची एसटी बंद झाली होती, रिक्षाचे पैसे परवडत नव्हते. सिस्टरांनी ड्रेसिंग आठवडा बाजाराच्या दिवशी ठेवलं, त्या दिवशी गावातून टेम्पो येतो. मी त्यांना मनात निष्काळजी ठरवून टाकलं होतं. प्रश्न विचारायच्या आधीच मत बनवलं. जखम चिघळली असती तर दोष कुणाचा?"

यात एकही वैद्यकीय शब्द नाही. तरीही मुलाखतीत यावर पाच मिनिटं बोलता येतं, कारण शेवटच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. लिहिताना मराठीत लिहा. इंग्रजी अर्जासाठी नंतर भाषांतर करता येतं, पण इंग्रजीत विचार करायला लागलं की बरीच मुलं नेटवरची ठोकळेबाज वाक्यं उतरवून काढतात.

माझे काका डॉक्टर आहेत. ते तीन महिन्यांचं सर्टिफिकेट देतील, न जाताही.

देतील, माया असते. घेऊ नका. तीन महिने काय पाहिलंत या प्रश्नावर दुसऱ्या मिनिटाला उघडे पडाल, आणि पुढे त्याच व्यवसायात खोटं फिटनेस सर्टिफिकेट मागायला येणाऱ्याला नाही म्हणायची वेळ तुमच्यावर येणार आहे. काकांकडे खरंच जायचं असेल तर जरूर जा, फक्त एखादा अनुभव घराबाहेरच्या माणसाकडचाही ठेवा.

नीटच्या अभ्यासात यासाठी वेळ कुठून आणायचा?

बारावीत आणू नका. फक्त भारतात प्रवेश घ्यायचा असेल तर त्या वर्षी भौतिकशास्त्राचे पेपर सोडवणं हेच काम. दहावीची सुट्टी आणि अकरावीचे शनिवार यासाठी मोकळे असतात, आणि नेमके तेच क्लासवाल्यांना आधी विकले जातात. लातूर किंवा कोटाला मूल पाठवायचा विचार असेल तर पाठवायच्या आधी दहावीच्या सुट्टीत त्याला पंधरा दिवस उपकेंद्रात बसवा. एवढ्या पैशांपुढे हा खर्च काहीच नाही.

यूकेचा अर्ज करणाऱ्यांचं गणित वेगळं. ऑक्टोबरच्या मुदतीमुळे अनुभव अकरावीतच व्हायला हवा.

ड्रॉप घेतलाय. आता?

दिवसभर खोलीत बसून डोकं बधिर होतं हे मी दरवर्षी बघते. आठवड्यातून एक सकाळ आशाताईंबरोबर फिरलात तर गुण कमी होणार नाहीत. पण नोकरी धरू नका.

मुलीला एकटीला पाठवायला भीती वाटते.

भीती बरोबर आहे, घरात बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. महिला वैद्यकीय अधिकारी किंवा सिस्टर असलेलं केंद्र निवडा, दिवसाची वेळ ठेवा, दोघी मैत्रिणींना मिळून पाठवा, आणि परवानगीच्या कागदावर कुणाच्या देखरेखीखाली हे नावानिशी लिहून घ्या. कुणी दार लावून एकटीला "शिकवायला" लागलं तर लगेच निघून यायचं आणि घरी सांगायचं, हे मुलाला आणि मुलीला दोघांनाही सांगा.

रक्त बघून चक्कर येते. मग डॉक्टर होताच येणार नाही का?

येईल. सुरुवातीला बऱ्याच जणांना येते. जाण्याआधी खाऊन जा, घेरी आल्यासारखं वाटलं की खाली बसा.

चार दिवस जाऊन मुलगा म्हणतो, मला हे करायचं नाही.

अभिनंदन. हे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी कळलं असतं तर? घरात रडारड होईल, विशेषतः आजोबांनी नावापुढे "डॉ." आधीच लावून ठेवलं असेल तर. पण त्याला नेमकं काय नको वाटलं ते विचारा. माणसांचं दुःख सोसवत नाही, की वेळा, की फक्त वास? वासाची सवय होते. पहिल्या दोघांवर वेळ घेऊन बोला. फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळेचं काम, औषधनिर्माण, सार्वजनिक आरोग्य असे रस्ते आहेत आणि ते मेडिकल हुकलेल्यांसाठीचे नाहीत.

ऑनलाइन अनुभव चालतो का?

पूरक म्हणून. ब्रायटन अँड ससेक्स मेडिकल स्कूलचा मोफत ऑनलाइन कोर्स यूकेची व्यवस्था समजून घ्यायला चांगला आहे. तिथे जायचं तर एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, कशी चालते हे माहीत हवंच, आणि ते उपकेंद्रात कळणार नाही. पण फक्त व्हिडिओ पाहून अर्ज भरू नका.

एक संस्था परदेशात दोन आठवड्यांची "मेडिकल इंटर्नशिप" देते. लाखभर रुपये सांगतात.

त्या पैशांत नीटची फी, यूकॅटची फी आणि मुंबईच्या परीक्षा केंद्रावर जाऊन यायचा कोकणकन्येचा खर्च भागून उरतील. विकत घेतलेला अनुभव परीक्षकांना लांबून ओळखू येतो. माझं उत्तर नाही.

भारतातच प्रवेश मिळाला तर हा अनुभव वाया?

नाही. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आहे. पहिल्या वर्षापासून मुलांना रुग्णांसमोर नेतात, वागणूक, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा वेगळा भाग शिकवतात. कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दिली जातात आणि पुढची वर्षं त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवायचा असतो. शहरातल्या मुलांना पहिल्या दिवशी कुणाच्या ओटीवर चढून काय बोलावं ते सुचत नाही. शेवटी वर्षभराची सक्तीची इंटर्नशिप, आणि राज्यातल्या सरकारी कॉलेजात शिकलात तर वर्षभराची बॉण्डची सेवा. ती बहुतेकदा अशाच एखाद्या आरोग्य केंद्रात असते.

शेवटी पत्र कुणाकडून घ्यायचं आणि त्यात काय हवं?

ज्यांच्या देखरेखीखाली बसलात त्यांच्याकडून. सिस्टरांचं पत्र चालतं, ते डॉक्टरांच्या पत्रापेक्षा कमी दर्जाचं नसतं. केंद्राचा शिक्का, तारखा, साधारण तास, तुम्ही फक्त निरीक्षण केलंत की काही मदत केलीत, आणि जमल्यास तुमच्या वागण्याबद्दल दोन ओळी. पत्र शेवटच्या दिवशीच मागा, कारण सरकारी डॉक्टरांच्या बदल्या होतात आणि मग ते पत्र गडचिरोलीहून मागवावं लागतं. मूळ प्रत घरी प्लॅस्टिकमध्ये ठेवा, पावसाळ्यात कपाटातल्या कागदांनाही बुरशी येते. आणि आशाताईंबरोबर फिरला असाल तर त्यांच्या मासिक सभेला एकदा जाऊन आभार माना. पुढच्या वर्षी तुमच्या मागून येणाऱ्या मुलाचा अर्ज त्यांच्याच हातात पडणार आहे.